शेत राज्याचें, भाव दिल्लीचा !

'राज्यघटना' हा शब्द कानीं पडला कीं आपल्यांतील पुष्कळांचे हात आपोआप जोडले जातात व डोळे मिटतात. हात जोडण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. डोळे मिटण्यास मात्र सक्त हरकत आहे. दोघां भावांची वांटणी झाली म्हणजे मळा कुणाकडे गेला, विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची कोणत्या वारीं, बांधावरचा आंबा कुणीं उतरावयाचा, हें घरांतील शेंबडें पोरसुद्धां सांगतें. ज्याला वांटणीचा कागद वाचतां येत नाहीं त्याचा बांध शेजारी दरसाल एकेका तासानें कोरीत जातो, हें कुणब्याला कुणीं शिकवावें लागत नाहीं. दिल्लीचें सरकार आणि मुंबईचें सरकार यांच्यांतहि असाच एक वांटणीचा कागद आहे. घटनेच्या २४६ व्या कलमांत त्याचा करार आहे आणि सातव्या अनुसूचींत त्याच्या याद्या आहेत. त्या कागदांत कुणब्याचें व कारागिराचें नांव कोठें आहे आणि त्यांचा बांध कसा कोरला गेला, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

याद्या तीन. १९५० सालीं घटना अंमलांत आली तेव्हां दिल्लीच्या यादींत ९७ बाबी होत्या, राज्यांच्या यादींत ६६ आणि दोघांच्या सामाईक यादींत ४७. लष्कर, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे, टपाल, नाणें हीं थोरल्या घरचीं कामें. पोलीस, दवाखाने, जमीन, पाणी, शेती, बाजार हीं धाकट्या घरचीं. सामाईक यादी म्हणजे सामाईक विहीर. मोट दोघांनींहि चालवावी. पण दोघांचे कायदे एकमेकांस आडवे गेले तर २५४ व्या कलमाप्रमाणें बहुधा थोरल्याची मोट चालते आणि धाकट्याची विहिरीबाहेर निघते. आणि जें कोणत्याच यादींत लिहिलेलें नाहीं तें २४८ व्या कलमानें दिल्लीचें. म्हणजे पडीक, गायरान, ओढ्याकांठ, सारें थोरल्याच्या नांवावर !

आतां राज्याची यादी उघडून पाहा. चौदाव्या नोंदींत शेती, सतराव्यांत पाणी, अठराव्यांत जमीन, अठ्ठाविसाव्यांत बाजार आणि जत्रा. वाचून कुणब्याची छाती फुगेल. शेत आपल्या राज्याचें, पाणी आपल्या राज्याचें, बाजारहि आपल्या राज्याचा. मग आणखी काय पाहिजे? पण थांबा. दिल्लीच्या यादींतील एकेचाळिसावी नोंद वाचा. परदेशाशीं व्यापार, आयात आणि निर्यात. त्र्याऐंशिवी वाचा. जकात, आणि तींत निर्यातीवरील करहि आला. झालें ! पीक काढणें राज्याच्या हातीं, आणि तें पीक कोठें जावें, कोणत्या दरानें जावें व जावें कीं न जावें, हें दिल्लीच्या हातीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, तो हाच !

कांद्याचाच हिशेब मांडूं. २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडीं कांद्याचे भाव कोसळले. लासलगांवच्या बाजारांत गाडी उभी करणाऱ्याला वाहतुकीचाहि खर्च निघेना. तेव्हां कोण धांवलें? राज्य सरकार. क्विंटलला ३५० रुपये, आणि तेंहि एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंतच. पुरेसें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो पैसा राज्याच्या तिजोरींतून गेला. पुढें पावसाळ्यांत भाव जरा डोकें वर काढूं लागला, तोंच दिल्लीचा हात खालीं आला. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं निर्यातीवर ४० टक्के कर. तेवढ्यानें भागेना म्हणून ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरांच्या खालीं कांदा बाहेर विकूं नये असा हुकूम. त्यानेंहि समाधान होईना म्हणून ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती मुदत संपण्याआधींच बंदी पुढें अनिश्चित काळापर्यंत लांबविली. एप्रिलांत गुजराथेंतून २,००० टन पांढरा कांदा बाहेर जाऊं देण्याची परवानगी निघाली, तेव्हां नाशिक जिल्ह्यांतल्या लाल कांद्याच्या धन्यानें कपाळावर हात मारला. ४ मे रोजीं बंदी उठली, पण ४० टक्के कर व टनाला ५५० डॉलरांची अट मानेवर तशीच राहिली. सप्टेंबर २०२४ मध्यें अट गेली आणि कर २० टक्क्यांवर आला. तो शेवटीं १ एप्रिल २०२५ ला उठला. म्हणजे एकोणीस महिन्यांहून अधिक काळ या ना त्या रूपानें कांद्याच्या गळ्याला फांस होता. २०१९ व २०२० सालींहि अशीच बंदी येऊन गेली होती.

यांतील मेख ध्यानांत घ्या. भाव पडतो तेव्हां भरपाई राज्यानें द्यावयाची. भाव चढतो तेव्हां तो दिल्लीनें पाडावयाचा. तोटा धाकट्याच्या दारीं आणि हुकूम थोरल्याच्या तोंडीं. शेतकरी मुंबईस गेला तर मंत्री म्हणतात, 'निर्यात केंद्राच्या हातीं आहे, आम्ही पत्र लिहिलें आहे.' दिल्लीस गेला तर उत्तर मिळतें, 'शेती हा राज्याचा विषय आहे.' आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना ! दोघांच्या मधल्या ओसरीवर कुणबी उपाशी बसला आहे आणि दोन्ही घरें त्याच्याच मतावर उभीं आहेत.

कोणी म्हणेल, शहरांतला हमाल, बांधकामावरची मजूरीण, गिरणींतला कामगार यांनीं महाग कांदा कां खावा? सवाल रास्त आहे, व तो टाळणें आमच्या रीतींत बसत नाहीं. ते आमचेच भाऊबंद आहेत. पुष्कळांचें तर गांवांत अजून घर आहे. पण गरिबाला स्वस्त कांदा द्यावयाचा तर तो सरकारनें बाजारभावानें विकत घ्यावा व स्वस्तांत वांटावा. त्याचा भार साऱ्या देशाच्या तिजोरीवर पडूं द्यावा. एका तालुक्यांतल्या शेतकऱ्याच्या खिशांत हात घालून दुसऱ्या शहरांत दानधर्म करणें, हें कोणतें पुण्य? दान करावयाचें तर स्वतःच्या कोठारांतून करा !

कोणी विचारील कीं, निर्यात सोडली तर देशांतला बाजार तरी राज्याचा आहे ना? तोहि पुरता राहिला नाहीं. १९५४ सालीं घटनेची तिसरी दुरुस्ती झाली, आणि सामाईक यादींतील तेहतिसाव्या नोंदींत अन्नधान्य, तेलबिया, खाद्यतेलें, गुरांची वैरण, कापूस, सरकी व ताग यांचा व्यापार घालण्यांत आला. पिकविणें राज्याकडे राहिलें. पिकलेलें विकणें सामाईक विहिरींत पडलें. त्या एका नोंदीच्या दोरीला धरून १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला, आणि त्याच दोरीला धरून २०२० चे शेतीचे तीन कायदेहि आले. ५ जून २०२० ला वटहुकूम, सप्टेंबरांत संसदेंत मंजुरी. बाजारसमितीच्या आवाराबाहेर राज्याला बाजार-फी घेतां येणार नाहीं, असें त्यांपैकीं एकांत लिहिलें होतें. ते कायदे बरे होते कीं वाईट, या वादांत आज आम्ही शिरत नाहीं. बाजारसमित्यांत आडत्यांनीं घातलेला धिंगाणा आम्हीं पाहिलेला आहे, आणि त्यांची वकिली करण्याची आमची इच्छा नाहीं. पण ज्या राज्यांच्या यादींत 'शेती' व 'बाजार' हे शब्द ठळक लिहिले आहेत, त्यांना विश्वासांत न घेतां त्यांच्या बाजाराचा कायदा दिल्लींत व्हावा, हें उंटावरून शेळ्या हांकणें नव्हे तर काय? फळ काय झालें? शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडी-उन्हांत बसले, सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें कायद्यांना स्थगिती दिली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें ते मागें घ्यावे लागले. आधीं विचारलें असतें तर ही पाळी आली नसती.

आतां पैशाचें पाहूं, कारण वांटणींत खरी गोम तेथेंच असते. दिल्ली जे कर गोळा करते त्यांतून राज्यांना वांटा मिळतो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या सालांकरितां तो वांटा शेंकडा ४१ ठरविला. ऐकण्यास गोड आहे. पण २७० व्या कलमांत एक बारीक ओळ आहे. उपकर व अधिभार या नांवानें जो पैसा गोळा होईल तो या वांटणींत येत नाहीं. मग शहाण्यानें काय करावें? कर कमी करावा आणि उपकर वाढवावा ! २०२१ सालच्या अंदाजपत्रकांत नेमकें हेंच झालें. डिझेलवर लिटरला ४ रुपये आणि पेट्रोलवर अडीच रुपये नवा उपकर बसला, आणि त्याच वेळीं वांटणींत येणारा मूळ अबकारी कर कमी केला. त्या उपकराचें नांव काय ठेवलें ठाऊक आहे? शेती पायाभूत सुविधा व विकास उपकर ! कुणब्यानें ट्रॅक्टरमध्यें डिझेल ओतावें, त्यावर शेतीच्याच नांवानें पट्टी द्यावी, आणि ज्या सरकारच्या यादींत शेती आहे त्याला त्यांतली दिडकीहि हक्कानें मिळूं नये. शेतीच्या नांवानें घेतलेला पैसा शेती सांभाळणाऱ्या घरीं जात नसेल, तर तें नांव निदान बदला तरी !

कारागिरांनीं असें समजूं नये कीं हें सारें कुणब्याचें रडगाणें आहे. गांवच्या लोहाराचा भाता पाहा. तो विळा, खुरपें, कुदळ करतो. या हत्यारांवर वस्तु व सेवा कर नाहीं, म्हणून सरकार पाठ थोपटून घेतें. पण तो जें लोखंड विकत आणतो त्यावर १८ टक्के कर आहे. आणि विकलेल्या मालावर कर नाहीं म्हणून खरेदीवर भरलेल्या कराची वजावटहि त्याला मिळत नाहीं. म्हणजे विळ्यावर कर नाहीं, पण विळ्याच्या पोटांत कर आहे. पूर्वीं विक्रीकर राज्याचा होता. लोहार-सुतारांनीं मुंबईच्या मंत्र्याला घेरून दर कमी करून घेणें निदान शक्य होतें. १ जुलै २०१७ पासून तो मार्ग बंद झाला. आतां दराची शिफारस एक परिषद करते. तींत एक-तृतीयांश मत एकट्या दिल्लीचें व उरलेलें दोन-तृतीयांश साऱ्या राज्यांचें मिळून. ठराव होण्यास तीन-चतुर्थांश मतें लागतात. साधा हिशेब करा. सारीं राज्यें एक झालीं तरी दिल्लीच्या मनाविरुद्ध ठराव होत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत ११ कोटींहून अधिक लोकसंख्या असलेल्या महाराष्ट्राचें मत आणि सुमारें ६ लाखांच्या सिक्कीमचें मत तेथें सारखेंच. सिक्कीमचा हेवा आम्हांस नाहीं. लहान भावालाहि मान हवा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लोहारानें आतां कोणाचें दार ठोठवावें तें कोणीं तरी सांगा.

आणि आतां मागासवर्गीयांच्या यादीचें. २६ जुलै १९०२ रोजीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं दरबारच्या नोकऱ्यांत शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या. एका संस्थानिकाला इंग्रजी अमलांतसुद्धां आपल्या प्रजेंतला मागासलेला कोण हें ओळखतां आलें. पुढें स्वराज्यांत २०१८ सालीं घटनेची १०२ वी दुरुस्ती झाली. ५ मे २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. त्याला ५० टक्क्यांच्या मर्यादेचें कारण होतें. पण त्याच निकालांत बहुमतानें असेंहि ठरलें कीं, त्या दुरुस्तीनंतर सामाजिक मागासवर्ग कोणते हें ठरविण्याचा अधिकार राज्यांस उरला नाहीं. म्हणजे गांवचा कोण कोळसा उगाळतो व कोण लोकर विंचरतो, हेंहि दिल्लीनेंच ठरवावयाचें ! देशभर ओरड झाली, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार परत द्यावा लागला. गेलेला हक्क परत आला, ही गोष्ट चांगली. पण तीन वर्षें तो गेला आहे हें ज्यांच्या घरांतून गेला त्यांपैकीं कितीजणांना ठाऊक होतें? वांटणीचा कागद न वाचण्याचें हें फळ !

रोजगार हमीचीहि हीच कथा. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या घामांतून ती योजना महाराष्ट्रांत उभी राहिली. शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तिला पैसा दिला. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. २००५ मध्यें दिल्लीनें ती देशभर नेली व अकुशल मजुरी स्वतःच्या तिजोरींतून देऊं लागली, हें चांगलें काम झालें. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या जागीं नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा शेंकडा ४० भार पडला, आणि कोणत्या राज्यास किती पैसा हें ठरविणें दिल्लीकडे राहिलें. ज्यानें रोप लावलें त्यालाच आतां पाण्याची पट्टी !

आमच्यांतलेच कांहीं जाणते लोक म्हणतील, 'दुबळ्याला गांवगुंडापासून वांचविलें तें दिल्लीच्या घटनेनेंच. अस्पृश्यता गाडली ती सतराव्या कलमानें, गांवच्या पंचांनीं नव्हे. मग तुम्ही राज्याची तरफदारी कां करतां?' हें म्हणणें खरें आहे आणि आम्ही तें शिरसावंद्य मानतों. माणसाला माणूस म्हणून जगण्याचे हक्क साऱ्या देशांत एकच असले पाहिजेत. त्यांत राज्याला काय नि गांवाला काय, तिळभर सूट मिळतां कामा नये. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर बळकट केंद्राच्या बाजूचे होते. पण त्यांनींच २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत स्पष्ट सांगितलें कीं, आपल्या कायद्याच्या व कारभाराच्या अधिकारासाठीं राज्यें केंद्रावर अवलंबून नाहींत. या बाबतींत दोघें बरोबरीचीं आहेत. हक्कांचें रक्षण करणारा बळकट हात निराळा, आणि कांद्याच्या पोत्यावर बसणारा हात निराळा. पहिल्याचें नांव सांगून दुसऱ्यानें खिसा कापूं नये.

जुन्या मंडळींना १९१९ च्या सुधारणांचा इतिहास ठाऊक असेल. इंग्रजांनीं शिक्षण, शेतकी, स्थानिक स्वराज्य हीं 'सोपीव' खातीं देशी मंत्र्यांना दिलीं आणि पैसा व पोलीस 'राखीव' ठेवले. सत्यशोधक भास्करराव जाधव त्याच अमदानींत मुंबई इलाख्याचे मंत्री होते. शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्याची, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. द्विदल राज्यपद्धति म्हणून साऱ्या देशानें तिला नांवें ठेवलीं. गोरा साहेब गेला. किल्ली मात्र अजून खालच्या घरीं पोंचली नाहीं.

पण मुंबईकरांनींहि लगेच टाळ्या पिटूं नयेत. त्यांचीहि झडती घेणें आहे. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनें अकरावी अनुसूची आली आणि शेती, लहान पाटबंधारे, ग्रामोद्योग, प्राथमिक शिक्षण असे २९ विषय ग्रामपंचायती व जिल्हा परिषदांसाठीं लिहिले गेले. पण ते द्यावयाचे कीं नाहीं, किती द्यावयाचे, हें राज्याच्या मर्जीवर ! मुदत संपण्याआधीं निवडणूक झालीच पाहिजे असें घटना बजावते. तरी महाराष्ट्रांत २०२२ मध्यें मुदत संपलेल्या कित्येक जिल्हा परिषदा तीन-तीन वर्षें आणि त्याहूनहि अधिक काळ प्रशासकाच्या हातीं राहिल्या. कारण कोर्टकज्जांचें सांगितलें गेलें. पण ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून हुकूम द्यावा लागला, तेव्हां कोठें हालचाल झाली. दिल्ली आमचा हक्क खाते म्हणून गळा काढणारेच खेड्याचा हक्क खाऊन ढेकर देतात. सासू छळते म्हणून रडणाऱ्या सुनेनें स्वतः सासू झाल्यावर तेंच करावें, तसा हा प्रकार. आमचें भांडण एका शहराशीं नाहीं. वरच्या माडीवर बसून खालच्याच्या ताटांत हात घालण्याच्या खोडीशीं आहे, मग ती माडी यमुनेकांठीं असो कीं समुद्रकांठीं.

तेव्हां आमचें मागणें सरळ आहे. ज्यानें हुकूम काढावा त्यानेंच भरपाई द्यावी. दिल्लीनें पिकाची निर्यात रोखली, तर रोखण्याआधींचा भाव व नंतरचा भाव यांतली तफावत दिल्लीच्या तिजोरींतून शेतकऱ्यास मिळावी. उपकर व अधिभार ठराविक मर्यादेपलीकडे गेले तर ते वांटणींत यावेत, अशी २७० व्या कलमास दुरुस्ती व्हावी. राज्यसूचींतल्या विषयाला हात लावणारा कायदा आधीं आंतरराज्य परिषदेपुढें यावा. ही परिषद १९९० सालीं स्थापन झाली, १६ जुलै २०१६ ला तिची अकरावी बैठक झाली, आणि मग वर्षांमागून वर्षें तिच्या दाराला कुलूप राहिलें. आणि राज्यानें अकराव्या अनुसूचींतले विषय पैशासकट खालीं द्यावेत. नुसतें काम देऊं नये.

हें कोणी आपण होऊन देणार नाहीं. पुढच्या ग्रामसभेंत घटनेची मराठी प्रत मागवा. शाळेंत शिकलेल्या मुलीला ती सातवी अनुसूची मोठ्यानें वाचावयास सांगा व म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं ऐका. मत मागावयास येणाऱ्याला एकच प्रश्न करा: 'तूं जें वचन देतोस तें कोणत्या यादींतलें? आमदारकीला उभा राहून निर्यात खुली करतों म्हणतोस, ती तुझ्या हातांत आहे काय? खासदारकीला उभा राहून गांवची विहीर देतों म्हणतोस, ती कोणाच्या खात्यांतून?' उत्तर न आलें तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सातबारा वाचतां येऊं लागला तेव्हां सावकाराचा हात थरथरला; हा दुसरा सातबारा वाचतां येऊं लागेल तेव्हां दोन्ही माड्यांवरचे हात थरथरतील.